तीन नंबरची खडी

गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी सांगते.
नऊ वर्षं ती हे ओसाकात सांगत होती.
इथे फेअर्लीत कुणाला कळत नाही.
वडील दर वेळी म्हणतात, "मॉर्निंग, बाई."
इंजिन लागत नाही, नुसता एक हिरवा दिवा,
आणि आम्ही फाटकातून बाहेर पडतो
उधारी टाळणाऱ्यांसारखे.
शेजारच्या मॉरीनची मांजर
चाकापुढून उठायची तसदी घेत नाही.

पन्नासपर्यंत हे असं.
गावाची पाटी मागे गेली, शंभरची आली,
की खालून सुरू:
पत्र्यावर कुणी सुके वाटाणे ओततंय
आणि पोतं काही संपत नाही.
एवढीशी गाडी, पातळ दारं,
बॅटरीखातर वजन वाचवलेलं,
टिमारूच्या इस्पितळापर्यंत साठेक किलोमीटर,
महिन्यातून दोनदा,
मी ओरडून विचारायचं, "गोळी घेतली का?"
ते ओरडून म्हणायचे, "होळी?"
(म्हणजे तसंच काहीतरी, भलतंच.)

सिओनेने टायर बदलून दिले.
"दोन डेसिबल," म्हणाला, दोन बोटं वर करून,
जणू दोन कोकरं सोडवून आणली कड्यावरून.
मला तरी कळले नाहीत.
मग मीच बसले शेडमध्ये,
गालिचे उपसले, सीटचे बोल्ट काढले
(एक अजून सापडलेला नाही),
दारांच्या पोकळीत चुलतभावाकडची लोकर कोंबली,
तळाला जाड नमदा, त्यावर काळं रबर.
पावसाळी हवेत महिनाभर
गाडीला ओल्या मेंढीचा वास.
पण आवाज गेला.
खरंच गेला.
शंभरला मला माझं घड्याळ ऐकू येत होतं.

वडील डोळे मिटून बसले होते.
अल्बरी गेलं, पूल गेला.
प्लेझंट पॉइंटच्या अलीकडे म्हणाले,
"निघायचं ना आता? उशीर होईल."

मी हसले. ते हसले नाहीत.
डोळे उघडून त्यांनी बाहेर पळणारं कुंपण पाहिलं,
मग पायांकडे,
पायांनी काहीतरी चुकवल्यासारखं.

डावा कान पूर्ण गेलाय, उजवा पाऊण.
खडी पसरणाऱ्या ट्रकच्या मागे
एकतीस उन्हाळे चालल्याचं बक्षीस.
मला वाटायचं, त्यांना आता सगळं सारखंच.
त्या दिवशी परत येताना ते बोलले,
मला नाही, काचेला सांगावं तसं:
इथपर्यंत बारीक, ती नंतरच्या पोरांनी टाकली.
पुलापासून आमची. तीन नंबरची, वर पाच नंबर भरलेली,
त्र्याऐंशीचा जानेवारी, बुटांचे तळ वितळायचे.
आणि केव्हचं वळण,
तिथे डेस होता रोलरवर,
दुपारी निरोप आला, मुलगी झाली,
त्याने चारऐवजी दोनच फेऱ्या मारल्या आणि पळाला.
"तिथे ती अजून बडबडते," म्हणाले.
"तळव्यांना कळतं."

ज्याच्यावर मी वर्षभर चिडले होते
तो घोंघाट बापाने टाकला होता,
फावड्याने, कडेकडेने,
आणि मी तो लोकरीने बुजवून
त्याला न हललेल्या गाडीत बसवून नेलं.

शनिवारी डाव्या सीटखालचा नमदा काढला.
रबर निघेना, तासणीने खरवडलं, नखं काळी झाली.
माझ्या बाजूचं राहू दिलं. मी काही संत नाही.

आता अर्धी गाडी गप्प, अर्धी बोलकी.
काढलेल्या तुकड्यावर मॉरीनची मांजर झोपते.
वडील पुलाच्या अलीकडेच बूट काढतात,
मोज्यांना अंगठ्याशी भोक आहे,
मी दोन नवे जोड आणलेत, ते वापरत नाहीत.
केव्ह आलं की मी पंचाण्णववर येते,
रस्त्याकडे बघत राहते.
बाजूला, खाली, अंगठा उचलला जातो
आणि परत टेकतो.
"दोनच फेऱ्या," ते म्हणतात.
"हरामखोर."